मानेचं माप

४ सप्टेंबर १९७४, बुधवार

आज पलंगाखालून रायफल बाहेर काढली. जूनपासून घोंगडीत गुंडाळून पडली होती. ऑस्मंडमामाला मातीत ठेवलं, त्या दुपारी मामीने ती माझ्या हातात दिली आणि मी गाडीत टाकून घरी आलो. तेव्हापासून तिच्यावर झोपतोय, आणि झोप लागत नाही.

मामाची पोटची मुलगी मर्ना. लहानपणापासून त्याच्याबरोबर डोंगरात जायची, माझ्यापेक्षा दसपट चांगला नेम तिचा. तिला काही नाही, आणि मला रायफल! मी काय करायचो? शनिवारी त्याच्या दुकानात जाऊन लेथखालचा कीस झाडायचो. कधी हत्यारं पुसायचो. तो म्हणायचा, "हा एक प्राणी असा आहे, की वस्तू उचलली तिथेच परत ठेवतो." एवढीच काय ती माझी लायकी.

एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम ऑक्टोबरच्या शेवटी उघडतो. मनात असं आलं, की या वर्षी रायफल मर्नाच्या नवऱ्याला, डेलमरला, शिकारीला द्यावी. म्हणजे त्यांच्या घरात जाईल. म्हणजे मला जरा बरं वाटेल.

पण घालायचं काय तिच्यात? जुन्या जर्मन माऊझरचा सांगाडा, अक्रोडाचा दस्ता, नळी मामाने स्वतः बसवलेली. नळीवर कुठल्या काडतुसाची ते कोरलेलंच नाही! फक्त खालच्या बाजूला त्याची खूण, देवदाराचं छोटं झाड. प्रत्येक रायफलीवर असायचं ते.

आईने तेव्हाच मामीला विचारलं होतं, काडतुसं कुठे आहेत म्हणून. मामी म्हणाली, "आहे ते दिलं."

७ सप्टेंबर, शनिवार

क्लाइड व्हॅनाटाकडे गेलो. आता खोऱ्यात बंदुका करणारा तोच उरला. मामाचा दोस्तही आणि वैरीही. दोघं वीस वर्षं एकमेकांची कामं नावाजायचे आणि एकमेकांना शिव्या द्यायचे.

नळीच्या तोंडात मापाची सळई घालून क्लाइड म्हणाला, "गोळी पाव इंचाची. पुढचं मात्र देवाला आणि ऑस्मंडला ठाऊक. देव तरी विचारल्यावर सांगेल."

मी म्हटलं, गिरणीतला एक जण म्हणतो, वेगवेगळी घालून बघ, बसेल ते खरं.

"त्याची बोटं मोज," क्लाइड म्हणाला. "दहा असली तर त्याला सांग, तोवर वेळ गेलेली नाही."

मग त्याने समजावलं. हे कारखान्याचं काडतूस नसणार. मामा दुसऱ्याच कुठल्या काडतुसाची पितळी पुंगळी घ्यायचा, तिची मान, म्हणजे गोळी धरणारं तोंड, आवळायचा, खांदा मागे ढकलायचा, आणि आपल्या मनासारखं नवीनच काही तयार करायचा. असल्याला इकडे रानमांजर म्हणतात. दुकानात मिळत नाही, पुस्तकात सापडत नाही. ज्याने केलं त्याच्या डोक्यात असतं, आणि ते डोकं गेलं की रायफलीत काडतूस बसतं ते घर तेवढं सांगू शकतं.

"घराचा ठसा काढ. गंधकाचा काढ, ऑस्मंड तसाच काढायचा. हळू काढ. गंधक म्हणजे मर्नाचा स्वभाव, जरा आपटलं की तुकडे."

९ सप्टेंबर, सोमवार

गिरणीतून आल्यावर ठसा काढला.

नळीत घराच्या थोडं पुढे चिंधीचा बोळा घट्ट बसवला. नळी उभी धरून शेगडीवर जरा कोमट केली. गंधक मंद आचेवर मधासारखा होईपर्यंत वितळवला, त्यात चिमूटभर काजळी घातली. मग तो घरात ओतला. सगळं अगदी मामासारखं! फक्त पातेलं आईचं जॅमचं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

आई दार उघडून आत आली आणि तशीच बाहेर गेली. अंगणातून ओरडली, "व्हर्लिन! सैतान मेलाय का घरात?"

"ठसा घेतोय, आई."

"माझ्या भावाने आख्खं आयुष्य घरात हाच वास आणला. म्हटलं गेला बिचारा, वास तरी जाईल. आता तू!"

घाई झाली. ती खिडक्या उघडत होती, मी उघडू नकोस म्हणत होतो, गार वारा आत येत होता. सळई घालून ठसा मागे ढकलला तर हलेना. हातोडीने ठोकलं. एकदा हळू, मग जोरात.

बाहेर आला. देखणा आला! बूड, अंग, खांदा, सगळं काचेसारखं लख्ख. पण मान नव्हती. मान तुटून भुगा झाली होती आणि भुगा फरशीवर होता.

दुसऱ्यांदा काढायला हवा होता. गंधक शिल्लक होता. पण आई दारात उभी होती, पातेलं हातात घेऊन.

११ सप्टेंबर, बुधवार

मायक्रोमीटरने मापं घेतली. प्रत्येक माप तीनदा. अंगावरून उघड दिसतं, तीस-ओ-सिक्स या नेहमीच्या काडतुसाची पुंगळी. खांदा मागे सरकवलाय आणि जास्त उभा केलाय. सापडलं! मामाच्या डोक्यातलं काहीतरी मला कळलं.

मानेच्या जागी रेघ ओढली. मान काय, गोळी पाव इंचाची म्हणजे तिच्याभोवती पितळ आणि नेहमीइतकी मोकळीक. सगळे तसंच ठेवतात.

१४ सप्टेंबर, शनिवार

क्लाइडने मापं वाचली. चष्मा वर करून म्हणाला, "इतकं स्वच्छ अक्षर. शाळेने तुला नववीत सोडलं, की तू शाळेला?"

मी म्हटलं, बाबा गेले तेव्हा सोडावी लागली.

"या मापांवरून पुंगळ्या घडवायचा साचा देतो करून. मानेचं काय? घरात मान किती सैल आहे?"

हे मी नीट लिहितो, कारण नंतर मलाच खोटं वाटेल. तो माझ्याकडे बघतही नव्हता. साचा शोधत होता. "मान तुटली, मोजली नाही," एवढे चार शब्द. आणि तो म्हणाला असता, मग काढ परत. एवढंच. रागावलाही नसता.

मी म्हणालो, "नेहमीइतकी."

"बरं. तू मोजलंस म्हणजे मी मोजलं."

१५ सप्टेंबर, रविवार

मर्नाकडे जाऊन सांगितलं, रायफल या हंगामात डेलमरची. ती धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती, घालत राहिली. मग म्हणाली, "बाबांनी मला विचारलंही नाही, व्हर्लिन. नको म्हटलं असतं मी. पण विचारायचं तरी."

डेलमर मात्र खूश. लाकडाचे ओंडके वाहायचा मोठा ट्रक चालवतो तो. माणूसही ट्रकसारखाच, आधी आवाज येतो मग तो येतो. "प्रोफेसर! म्हणजे म्हाताऱ्याचं कोडं सोडवलंस की! एल्कचं काळीज तुला, बाकीचा एल्क मला."

निघताना मर्नाने माझी कॉलर सरळ केली. लहानपणी करायची तशी.

२० सप्टेंबर, शुक्रवार

पुंगळ्या तयार. नव्या कोऱ्या पितळेच्या. दारू क्लाइडने सांगितली त्याहून कमीच भरली. रांगेत उभ्या केल्या. सुंदर दिसतात.

२२ सप्टेंबर, रविवार

डेलमरचा उजवा डोळा.

२४ सप्टेंबर, मंगळवार

लिहितो. क्रमाने लिहितो.

खडीच्या खाणीवर गेलो होतो, सगळे तिथेच नेम लावायला जातात. गाडीत मी जुना टायर आणि दोरी घेतली होती. मामाची पद्धत होती. कुठल्याही रायफलीची पहिली गोळी हाताने उडवायची नाही. रायफल टायरला बांधायची, चापाला दोरी, आणि ती ओढायला स्वतः लाकडांच्या ढिगामागे. लोक हसायचे, तो हसू द्यायचा.

डेलमरने टायर बघितला. "काय रे, पोहायला आलोय का?"

मी टायर गाडीतच ठेवला. एका वाक्यासाठी!

बसलो. पहिलं काडतूस मीच घातलं. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, पुढे गेला आणि शेवटी अडला. नुसता जड नव्हता, अडला. मी काडतूस परत बाहेर काढलं. मानेवर गोल चकचकीत रेघ उठली होती. मी ती बघितली. अंगठ्याने पुसली, जशी काही पुसली जाणार होती.

डेलमरने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. पितळ नवं आहे. जरा जड जातं." आणि मग म्हणालो, "तू उडव पहिली. नेम तुझा चांगला."

नेमाचा काय संबंध? वीस पावलांवर खडीचा डोंगर होता! मला भीती वाटली. मी रायफल त्याच्या हातात दिली. तो तेच काडतूस घालून बोल्ट बंद करायला लागला, तर म्हणाला, अरे बसत नाही. मी म्हणालो, "जोर दे."

त्याने जोर दिला.

चाप ओढला आणि पुंगळीचं बूड फुटलं. गॅस आणि पितळेचा कण मागे आला. तो ओरडलासुद्धा नाही, डोळ्यावर हात दाबून नुसता बसून राहिला. मग म्हणाला, "प्रोफेसर, गाडी तू चालव."

२८ सप्टेंबर, शनिवार

मिझूलाच्या दवाखान्यात. डोळा गेला. डॉक्टरांनी मर्नाला बाहेर बोलावून सांगितलं आणि ती आत आली ते चेहऱ्यावर काही न ठेवता. तिच्या बापाचा चेहरा.

डेलमर मला बघून म्हणाला, "ये ये. एक बरं झालं बघ. नेम लावताना एक डोळा मिटायची कटकट वाचली. डावा मात्र आता निशाण्यावर ठेवायला शिकवायला लागेल."

मला हसायला आलं नाही. तो म्हणाला, "हस की लेका. मी तुझ्यासाठी पाठ करून ठेवला होता."

ट्रकचं विचारायची हिंमत नव्हती. त्यानेच सांगितलं. ओंडक्यांचा ट्रक एका डोळ्यावर चालवू देत नाहीत. मालक म्हणतो कचेरीत बस. "मी आणि कचेरी! खुर्ची मोडेल."

मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुझी काही चूक नाही, कळलं? तू सगळं मोजून मापून केलंस. म्हाताऱ्याचा हात गेला होता शेवटी. घर वाकडं कोरलं त्याने. मर्नासमोर बोलत नाही मी."

बोल्ट अडला होता हे त्याला आठवत नाही. स्फोटाच्या आधीचं काहीच आठवत नाही म्हणाला, टायरवर हसलो तिथपर्यंतच.

मला आठवतं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

गिरणीत जेवणाच्या सुट्टीत एक म्हणाला, ऑस्मंड शेवटी परत प्यायला लागला असणार. दुसरा म्हणाला, असणार काय, होताच. तिसऱ्याने तर पाहिलंही होतं!

मर्नाच्या लग्नापासून मामाने थेंबाला हात लावला नव्हता. मी म्हणायला हवं होतं. मी डबा बंद केला आणि उठलो. मागून कुणीतरी म्हणालं, "जाऊ दे. त्याचा मामा होता. पोराला लागलंय."

सगळे माझ्याशी किती प्रेमाने वागतात!

५ ऑक्टोबर, शनिवार

क्लाइडच्या दुकानात भिंतीला ओळीने रायफली उभ्या. सगळ्यांवर देवदाराचं झाड. पंधरा पंधरा वर्षं ज्यांनी कौतुकाने मिरवल्या, ते आता तपासायला आणून टाकतायत. एकाने तर झाड कानशीने घासून काढलंय. तिथे नुसता पांढरा ओरखडा.

क्लाइडने माझी रायफल उघडली. बोल्टला लाकडी हातोडा मारावा लागला. मग मला जवळ बोलावून एक छिद्र दाखवलं, बाजूला.

"हे माऊझरवाल्यांनी पाडलेलं नाही. ऑस्मंडने पाडलंय. काही फुटलंच तर गॅस बाजूने जावा म्हणून. बराचसा इथून गेला. दुसऱ्या कुणाची रायफल असती तर डेलमरला आज आपण फुलं वाहत असतो." जरा थांबून म्हणाला, "असं छिद्र पाडणारा माणूस घर वाकडं कोरेल? मला पटत नाही. तुझा ठसा आण बघू."

मी म्हटलं, "फुटला. नंतर फुटला."

हे दुसरं खोटं. पहिल्याला सोबत.

"मग मी काढतो नवीन."

"नको," मी म्हणालो. "मी काढतो. मामाची आहे, मलाच काढू दे."

त्याने माझ्याकडे पुरेसा वेळ बघितलं. मग रायफल दिली. म्हणाला, "तू सांगेपर्यंत मी तोंड उघडत नाही. पण मला फार दिवस थांबवूही नकोस."

९ ऑक्टोबर, बुधवार

ठसा काढला. या वेळी गोठ्यात, जुन्या डब्यात. खिडक्या बंद, वारा नाही, घाई नाही. थंड होईपर्यंत नुसता बसून राहिलो. सळई तळहाताने ढकलली.

मान आली. अख्खी.

मोजली. परत मोजली. मायक्रोमीटर पुसला, मोजली. मग उरलेल्या माझ्या काडतुसांपैकी एकाची मान मोजली.

माझी मान घरापेक्षा जाड आहे. केसभर जाड. जिथे सुटं बसायला हवं, तिथे पाचरीसारखं ठोकून बसवलं. गोळी सुटायला पितळेला फुलायला जागा लागते, ती नव्हतीच. सगळा दाब मागे.

मामाने घर वाकडं कोरलं नव्हतं. मुद्दाम घट्ट कोरलं होतं. इतकं घट्ट, की त्यासाठी प्रत्येक पुंगळीची मान बाहेरून लेथवर तासून पातळ करायला लागणार. तासली की गोळी घराच्या अगदी मधोमध उभी राहते, म्हणून नेम तसा लागतो. अशी मान कोरायला केवढा स्थिर हात लागतो! पीत होता म्हणे!

तर हे ते रानमांजर. आता सगळं ओळखलं. पहिल्याच दिवशी ओळखता आलं असतं, शेगडी दुसऱ्यांदा पेटवली असती तर.

१० ऑक्टोबर, गुरुवार

सांगितलं नाही. गिरणीत गेलो, घरी आलो.

१३ ऑक्टोबर, रविवार

मर्ना आली होती. आईने कॉफी दिली. मर्ना म्हणाली, मामी दुकान विकतेय. लेथ, हत्यारं, भिंतीवरचं सगळं. शनिवारी हॅमिल्टनहून एक माणूस बघायला येणार. येतील ते सगळे पैसे डेलमरला.

आई म्हणाली, "अल्मा लेथ विकतेय? स्वतःचे दात विकेल आधी!"

"मी नको म्हटलं, आत्या. ऐकत नाही. म्हणते या घरातून डोळा गेला, या घरानेच भरायचा." मर्ना कपाकडे बघत बोलत होती. "आणि मी काय म्हणू? बाबांनीच केलं ना. मी त्यांच्या हाताला हात लावून शिकले सगळं. आता रायफल हातात घेतली की वाटतं, ही पण कुठेतरी चुकली असेल."

मी समोरच बसलो होतो. आईने मला बिस्कीट पुढे केलं. मी घेतलं!

तिच्या बापाला मी तिच्यापासून दोनदा घेतलं. एकदा रायफल नेली तेव्हा, आणि एकदा आता.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

गिरणीतून अर्धा दिवस सुट्टी काढून मामीकडे गेलो. जूननंतर पहिल्यांदा. ठसा रुमालात गुंडाळून खिशात घेतला होता.

ती लेफ्से लाटत होती. बटाट्याच्या नॉर्वेजियन पोळ्या, पातळ पातळ. मला बघून लाटणं थांबवलं नाही. "आलास," म्हणाली. "पीठ आहे, बाजूला बस, काळी पँट आहे तुझी."

मी उभ्यानेच सांगितलं. ठसा तुटला, मान मोजली नाही, क्लाइडला खोटं बोललो. रुमाल उघडून टेबलावर ठेवला. "मामाची चूक नव्हती. घर बरोबर आहे. माझ्या पुंगळ्या जाड होत्या. लेथ विकू नकोस मामी. मी सगळ्यांना सांगेन."

ती ठशाकडे बघत राहिली. मग लेफ्सा काठीवर उचलून तव्यावर टाकला, हात पुसले आणि आतल्या खोलीत गेली. कॉफीचा डबा घेऊन आली. टेबलावर ठेवला तेव्हा आत काहीतरी खळखळलं.

काडतुसं. मामाची. मी एक उचललं. मानेवर लेथचे बारीक फेरे. कागदासारखी पातळ मान.

"तू आला नाहीस," मामी म्हणाली.

"कधी?"

"त्यानंतर कधीच. रायफल गाडीत टाकलीस आणि गेलास. मी दारात होते. वाटलं, परत वळेल. विचारेल, मामी, आणखी काही म्हणाला का तो." तिने तवा उतरवला, लेफ्सा करपला होता. "म्हणाला होता. शेवटच्या आठवड्यात. 'डबा व्हर्लिनला दे. सांग, मान तासल्याशिवाय बसणार नाही, जोर करू नको म्हणावं.' तीनदा म्हणवून घेतलं माझ्याकडून."

मी बसलो. पीठ लागलं पँटला.

"मला राग होता रे. पोटची पोर डोळ्यासमोर असताना भाच्याला! म्हटलं येईल. अडेल तेव्हा नाक घासत येईल, तेव्हा देईन. तुझ्या आईने विचारलं तर तिलाही नाही म्हटलं. मग ऐकलं, क्लाइड मदत करतोय. म्हटलं बघू या, तिथेही अडेल." तिचा आवाज अजिबात हलला नाही. "आणि मग मर्नाचा फोन आला."

"मामी, तू काय करणार होतीस, तुला काय माहीत..."

"मला माहीत होतं! तीनदा म्हटलं होतं मी ते वाक्य! आणि गाव त्याला दारुडा म्हणत होतं, तेव्हाही गप्प बसले. मेलेल्याला काय लागतं, म्हटलं. मर्नाला कळलं तर ती तोंड बघणार नाही माझं."

तिने करपलेला लेफ्सा कचऱ्यात टाकला.

मग मी म्हणालो, आपण दोघं मिळून डेलमरला सांगू, रविवारी, मर्नालाही. ती म्हणाली, बरं. मला चार लेफ्से बांधून दिले, आईला दोन.

आता घरी बसून लिहितोय. सगळं सांगून आलो असं वाटत होतं, रस्ताभर. हलकंही वाटत होतं! पण बोल्ट अडला होता, हे सांगितलं नाही. काढून बघितलं, रेघ दिसली, मग दुसऱ्याच्या हातात दिली आणि जोर दे म्हटलं, हे नाही सांगितलं. ती स्वतःला दोष देत होती, आणि तिचं बोलणं ऐकताना, खरं लिहितो, मला जागा मिळाल्यासारखं वाटलं. सरकून तिला माझ्या जागेवर बसवावं, असं.

मामाने नेमकं तेच सांगितलं होतं. जोर करू नको.

१९ ऑक्टोबर, शनिवार

मामी रविवारपर्यंत थांबली नाही. काल सकाळीच एकटी गेली मर्नाकडे. सांगितलं, सगळं माझ्यामुळे, पोराला कळायला मार्गच नव्हता. तुटलेल्या ठशाचं नावसुद्धा काढलं नाही. मर्नाने तिला घराबाहेर काढलं.

आज गिरणीतल्या एकाने रस्त्यात माझ्या पाठीवर थाप मारली. "सुटलास लेका. म्हातारीने तुला सांगितलंच नाही ना!" आई जेवायला गोड करणार आहे.

कोट घातलाय. डेलमरचा ट्रक अजून अंगणातच उभा असेल. आधी त्याला सांगतो, बोल्ट अडला होता.